दोन पॅक जोडण्याआधी

लाल वायर लालला आणि काळी काळीला, हे बरोबरच आहे पोरी. पण ती जोडणी सगळ्यात शेवटी. त्याआधी दोन्ही पॅकच्या टोकांना मल्टिमीटर लाव, आकडे कागदावर लिहून काढ आणि मगच पाना उचल. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीरूममध्ये शिशाच्या २४-२४ सेलचे दोन संच समांतर चालायचे, ४८ व्होल्टचे. तिथल्या वस्तादांनी मला पहिल्या पाळीलाच बजावलं होतं, संचाला संच जोडायचा तर आधी मीटर, मग पाना. शिशाची बॅटरी स्वतःच करंटला बरीच अडवते, त्यामुळे थोडंफार उन्नीस-बीस असलं तरी खपून जायचं. तुझ्या लिथियमच्या पॅकमध्ये तो अडसर जवळजवळ नाही. म्हणून वस्तादांचा नियम तुला आमच्यापेक्षा कडक पाळावा लागेल.

तू बनवलेला एक पॅक म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे २८० अँपिअर-अवरचे चार सेल सिरीजमध्ये. प्रत्येक सेल ३.२ व्होल्टचा, मिळून १२.८ व्होल्ट. असे दोन पॅक समांतर जोडले की व्होल्ट तेवढेच राहतात आणि साठा दुप्पट होतो, साधारण सात युनिट. गाडीतला फ्रिज, दिवे, पंखा आणि रोजचं थोडं इंडक्शन एवढ्यावर आरामात निघेल. हा सेल तू निवडलास हे फार चांगलं केलंस. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या हाताखाली अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी यांनी हा पदार्थ अभ्यासला आणि १९९७ साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी नोबेल मिळालं. या पदार्थात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे सेल तापला तरी तो सहजी सुटून आगीला हातभार लावत नाही. ज्या गाडीत माणसं झोपणार आहेत त्या गाडीत मी दुसरा कुठला सेल ठेवू दिला नसता. मात्र सेल शांत आहे म्हणून त्याच्या टोकाला लागलेली वायर शांत असेल असं समजू नकोस. अशा पॅकच्या बाबतीत धोका बहुतेक वेळा जोडणीतून येतो, आणि समांतर जोडणीत सगळ्यात मोठा धोका म्हणजे शेजारचा पॅक.

कसा ते बघ. गच्चीवरच्या दोन टाक्या तळाशी जाड पाइपने जोडल्या आणि एक भरलेली, एक रिकामी असली, तर नळ कुणीही सोडलेला नसताना पाणी धो-धो वाहतं. पॅकचंही तसंच. तुझ्या एका पॅकचा अंतर्गत रेझिस्टन्स, चार सेल, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या म्हणजे बसबार आणि सेलची राखण करणारं सर्किट म्हणजे बीएमएस धरून, तीन मिलिओहमच्या आसपास असेल. दोन पॅकचे सहा, केबल आणि तिच्या टोकांवरच्या लगचा एक, असे सात. एक पॅक भरलेला, साडेतेरा व्होल्टवर, आणि दुसरा बऱ्यापैकी उतरलेला, साडेबारावर. फरक एका व्होल्टचा. एक भागिले सात मिलिओहम म्हणजे जोडल्याक्षणी दीडशे अँपिअरच्या घरात करंट, तोही इन्व्हर्टर बंद असताना, एका पॅकमधून दुसऱ्यात. तुझ्या हातातला लग ठिणगी टाकेल, टर्मिनलवर खड्डा पडेल आणि बीएमएस धडाधड ट्रिप होतील. तेच अंतर पाच शतांश व्होल्टचं असेल तर करंट सात अँपिअर. काही कळणारसुद्धा नाही.

म्हणून दोन्ही पॅक वेगवेगळे पूर्ण भर. एकाच चार्जरने, १४.४ व्होल्टला, करंट उतरत उतरत चौदा-पंधरा अँपिअरपर्यंत येईस्तोवर. मग चार्जर काढ आणि रात्रभर तसेच राहू दे. सकाळी दोन्हींचा आकडा साडेतेराच्या अल्याडपल्याड येईल. फरक पाच शतांश व्होल्टच्या आत असेल तर जोड. नसेल तर कमी असलेला पुन्हा भर.

‘दोन्ही १३.२ दाखवतायत, मग झालं की’ असं तू म्हणशील, पण मधल्या पातळीवर जोडू नकोस. या सेलचा स्वभाव सपाट आहे. पाऊण भरलेला असो की निम्मा, व्होल्ट जवळजवळ तोच दाखवतो. शिशाच्या बॅटरीला आम्ही हायड्रोमीटर बुडवून ॲसिडचं पाणी बघायचो, तिच्या पोटातलं कळायचं. हा सेल बंद डबा आहे. तो भरला आहे हे खात्रीने एकाच ठिकाणी कळतं, अगदी वरच्या टोकाला, जिथे व्होल्ट एकदम चढतात. त्यामुळे दोन पॅकची भेट तिथेच घडवायची.

त्याही आधीचं एक काम आहे, आणि ते तू केलं आहेस का ते मला कळव. प्रत्येक पॅकमधले चार सेल आपापसात बरोबरीला आणले आहेत का? बीएमएसमधला साधा बॅलन्सर शंभर मिलिअँपिअरच्या आसपासच सरकवतो. दहा अँपिअर-अवरचा फरक त्याने भरून काढायचा म्हटलं तर शंभर तास, आणि तेही फक्त वरच्या टोकाला असताना. म्हणून सुरुवातीलाच सगळे सेल एकमेकांना समांतर लावून पॉवर सप्लायवर ३.६५ व्होल्टपर्यंत भरायचे. पण सरळ त्यावर बसलीस तर आठवडा जाईल. आठ सेल, प्रत्येकात निम्मी जागा रिकामी, म्हणजे हजाराहून जास्त अँपिअर-अवर भरायचे. दहा अँपिअरच्या सप्लायला शंभर तासांवर लागतील. त्यामुळे आधी पॅक बांधून, बीएमएस लावून चार्जरने भरायचा, मग सुटा करून शेवटचा टप्पा समांतर पूर्ण करायचा. पॉवर सप्लायचे व्होल्ट सेल जोडण्याआधी लावायचे. जोडल्यावर ते गोल बटण फिरवणं बंद. सप्लाय चालू असताना घर सोडून बाजारात जायचं नाही.

जावईबापूंना माझा नमस्कार सांग. त्यांनी बॅटरीसाठी केलेल्या खणाचा फोटो पाहिला, सुतारकाम सुरेख झालंय. त्यांना माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, आठ सेलचं वजन चाळीस किलोच्या वर जातं, तेव्हा तुम्ही खण फळीला स्क्रूने न धरता गाडीच्या लोखंडाला बोल्टने धरा. करकचून ब्रेक लागला तर ते वजन पुढे येतं. दोन, सेलच्या अंगावरची निळी प्लॅस्टिकची साल फार पातळ असते. आतली ॲल्युमिनियमची डबी विजेच्या दृष्टीने निर्जीव नाही. घाटात, खडीवर महिनाभर घासून साल फाटली की शेजारच्या दोन डब्या एकमेकींना लागतात. प्रत्येक दोन सेलच्या मध्ये ग्लास इपॉक्सीची पातळ शीट घाला. तीन, दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या आणि रॉड लावून सेल नीट दाबून धरा, हलू देऊ नका, आणि आतले बसबार कडक पट्टीचे न वापरता लवचीक घ्या. कडक पट्टी गाडीचा हादरा सरळ सेलच्या टर्मिनलवर देते.

आता केबल. इथे बहुतेक जण घाई करतात. दुसरा पॅक पहिल्याच्या शेजारी ठेवतात, पहिल्याच्या दोन्ही टोकांवरून दुसऱ्याला वायर नेतात आणि गाडीकडे जाणाऱ्या दोन्ही वायर पहिल्याच पॅकवरून काढतात. दिसायला सुटसुटीत. पण मग पहिल्या पॅकचा रस्ता जवळचा आणि दुसऱ्याचा लांबचा. ५० स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलचा रेझिस्टन्स मीटरमागे ०.३५ मिलिओहम. ऐकायला किरकोळ वाटतो, पण पॅक स्वतःच तीन मिलिओहमचा असताना जाऊन-येऊन दीड मीटर जास्त केबल आणि दोन जास्तीचे लग म्हणजे पहिला पॅक कायम जास्त ओझं ओढणार, जास्त तापणार, आधी म्हातारा होणार. दोनच पॅक असतील तर गाडीची पॉझिटिव्ह एका पॅकवरून आणि निगेटिव्ह दुसऱ्या पॅकवरून काढ, म्हणजे दोघांचा रस्ता सारखा होतो. मला विचारशील तर त्याहून चांगलं म्हणजे पॉझिटिव्हचा एक आणि निगेटिव्हचा एक असे दोन तांब्याचे बसबार बसव आणि दोन्ही पॅकपासून बसबारपर्यंत सारख्याच जाडीची, सारख्याच लांबीची केबल आण. जवळच्या पॅकची केबल लांब वाटली तर वळसा देऊन बांध, पण कापू नकोस. उद्या तिसरा पॅक आला तरी हीच पद्धत चालते.

लग हातोडीने ठोकून बसवायचे नाहीत. हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल भाड्याने मिळतं, मोठ्या पॅनेल बनवणाऱ्याकडे दहा मिनिटांत काम करून मिळतं. शंभर अँपिअर वाहत असताना एका लगमध्ये एक मिलिओहम जास्त झाला की त्या एवढ्याशा जागेत दहा वॅट उष्णता. शेगडीसारखी दिसत नाही, पण केबलची साल मऊ करायला पुरते. सेलची टर्मिनल ॲल्युमिनियमची असतात. बारीक पॉलिश पेपर फिरवून लगेच बसबार लाव, उशीर केलास तर ऑक्साइडचा थर पुन्हा येतो. नट आवळताना सेलच्या माहितीपत्रकातला टॉर्कचा आकडा बघ आणि टॉर्क रेंच वापर. ‘अजून एक पीळ’ या सवयीने मऊ ॲल्युमिनियमचे आटे निघतात आणि सेल फुकट जातो.

काम करताना हातातल्या बांगड्या, अंगठी, गळ्यातलं मंगळसूत्र सगळं काढून घरात ठेव. जावईबापूंनी कडं आणि घड्याळ काढावं. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण अंगठी दोन टोकांमध्ये सापडली तर लाल होते आणि बोटावरून निघत नाही. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळ. ज्या टर्मिनलवर काम चालू नाही त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा टाकून ठेव.

यापुढचं जरा थांबून वाच, कारण यात काटकसर करणारे फार बघितलेत. प्रत्येक पॅकला स्वतःचा फ्यूज हवा, पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत. ‘मेन लाइनवर एक फ्यूज आहे ना’ हे उत्तर समांतर जोडणीत चालत नाही. समज, एका पॅकची केबल पत्र्यावर घासून बॉडीला लागली. मेन फ्यूज त्या जागेच्या पलीकडे आहे, त्यातून काहीच जात नाही. दुसरा पॅक मात्र आपला सगळा साठा बसबारवरून मागे फिरवून त्या शॉर्टमध्ये ओततो. त्या वाटेवर फ्यूज हवा, आणि तो प्रत्येक पॅकचा वेगळाच असू शकतो.

फ्यूजवरचे दोन आकडे वाचायचे. पहिला सगळे वाचतात, किती अँपिअरला उडणार. तो केबलच्या क्षमतेपेक्षा कमी हवा, कारण फ्यूज केबलला वाचवायला असतो. दुसरा आकडा म्हणजे तो किती अँपिअरचा शॉर्ट सुरक्षितपणे तोडू शकतो. तुझा एक पॅक शॉर्ट झाला तर चार हजार अँपिअर देऊ शकतो, बीएमएस आत जळून चिकटला तर त्याहून कितीतरी जास्त. गाड्यांत मिळणाऱ्या साध्या मेगा फ्यूजची तोडण्याची ताकद दोन हजारांच्या आसपास असते. त्यापुढे फ्यूजची तार वितळते, पण आत ज्वाळेचा पूल तयार होतो आणि करंट त्यावरून चालतच राहतो. क्लास टी फ्यूज वीस हजार अँपिअर तोडतो. महाग आहे, कबूल. दोन पॅकचे दोन घे आणि हिशेबात दुसरीकडे कात्री लाव. घरातला एमसीबी लावू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. घरातला करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्या क्षणी ज्वाळा विझते. बॅटरीचा करंट शून्यावर येतच नाही. डीसीसाठी बनवलेलाच ब्रेकर घ्यायचा.

बीएमएसचंही असंच. प्रत्येक पॅकला त्याचा स्वतःचा. आठ सेल दोन-दोनच्या जोड्यांनी बांधून एकच बीएमएस लावला तर पैसे वाचतात, पण एका जोडीतला वाईट सेल चांगल्याच्या आड लपून राहतो. शिवाय लाहौल-स्पितीत एक पॅक बिघडला तर दुसऱ्यावर दिवे आणि फ्रिज चालू ठेवून परत येता आलं पाहिजे. त्यासाठीच तर दोन पॅक. आता इन्व्हर्टरचा हिशेब कर. दोन हजार वॅटचा इन्व्हर्टर, त्याची स्वतःची घट धरून, १२.८ व्होल्टवर साधारण १८० अँपिअर मागतो. दोन्ही बीएमएस शंभर अँपिअरचे असतील तर नव्वद-नव्वद वाटून छान चालेल, तू खूश होशील. मग एक दिवस एक पॅक थंडीने किंवा सेलच्या फरकाने बाहेर पडला की अख्खे १८० दुसऱ्यावर येणार आणि तोही लगेच झोपणार. भाजी अर्धी शिजलेली आणि गाडीत अंधार. एकट्याला पूर्ण भार पेलेल असा बीएमएस घे, नाहीतर इंडक्शन हजार वॅटच्या वर न्यायचं नाही असं घरात ठरवून टाका.

बाहेर पडलेला पॅक परत आत घेताना मात्र नव्या पॅकसारखं वागव. ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एक पॅक ट्रिप होऊन दोन दिवस बाजूला राहिला, दुसरा दरम्यान वापरून रिकामा झाला. आता बीएमएसचं बटण दाबलंस तर ती टाक्यांचीच गत. डबा उघड, मल्टिमीटर लाव, अंतर बघ, गरज असेल तर एकेक वेगळा भरून घे. यासाठी प्रत्येक पॅकला स्वतःचा डीसी आयसोलेटर स्विच असू दे, म्हणजे रस्त्यात पाना चालवावा लागणार नाही. आणि बॅटरी मॉनिटरचा शंट एकच असतो, तो दोघांची बेरीज दाखवतो. एक पॅक गप्प बसलाय हे तो सांगत नाही. आठवड्यातून एकदा मोबाइलवर दोन्ही बीएमएस उघडून बघ, किंवा इंडक्शन चालू असताना दोन्ही केबलवर क्लॅम्प मीटर लाव. क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा. इलेक्ट्रिशियनकडे असतो तो बहुतेक वेळा फक्त एसीचा. दोन आकड्यांत थोडा फरक चालेल. एक शंभर आणि दुसरा चाळीस दाखवत असेल तर कुठेतरी लग सैल आहे.

सोलरचा कंट्रोलर दोन्ही पॅकना मिळून एकच पुरे, तोही बसबारवरच जोडायचा. १४.२ ते १४.४ वर चार्जिंग, साडेतेरावर फ्लोट, तापमानानुसार व्होल्ट बदलणं आणि इक्वलायझेशन दोन्ही बंद. या दोन सोयी शिशाच्या बॅटरीसाठी आहेत, लिथियमला घातक. आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल; काढताना उलट. इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना मोठी ठिणगी उडते, कारण त्याचे कपॅसिटर रिकामे असतात. २५ ओहम, दहा वॅटचा रेझिस्टर मध्ये धरून काही सेकंद थांब, मग केबल लाव. गाडीच्या अल्टरनेटरवरून भरायचं तर डीसी-डीसी चार्जर मध्ये हवाच. लिथियम मागेल तेवढं ओढतं आणि अल्टरनेटर तापून जळतो.

थंडीचं शेवटी सांगतो, कारण तुमचा बेत स्पितीचा आहे आणि पुढे लेहचाही असेल. सेल शून्य अंशाखाली असताना चार्ज करायचा नाही. वापरायला हरकत नाही, भरायचा नाही. थंडीत लिथियम ग्राफाइटच्या आत शिरत नाही, वर धातूचा थर म्हणून बसतं, आणि ते नुकसान भरून निघत नाही. सरचू चार हजार मीटरच्या वर आहे, तिथे सप्टेंबरातही पहाटे पारा शून्याखाली जातो, आणि सूर्य वर येताच छतावरचं पॅनेल जोरात भरायला लागतं. सेल मात्र अजून रात्रीच्या थंडीत असतो. तापमान बघून चार्जिंग थांबवणारा बीएमएस घे आणि दोन्ही पॅक शेजारी-शेजारी, एकाच खणात ठेव. एक हीटरजवळ आणि एक मागच्या दाराशी ठेवलास तर एक भरत राहील, दुसरा थांबून राहील आणि दोघांची फारकत होईल. आपल्याकडे उलट त्रास. मे महिन्यात नागपूरला उन्हात बंद उभ्या गाडीतला खण पन्नास-साठ अंशांवर सहज जातो, आणि बहुतेक सेलची चार्जिंगची वरची मर्यादा तिथेच आहे. खणाला बाहेरची हवा द्या. दुर्दैवाने कधी सेलमधून वाफ निघाली तर ती जळणारी असते, तेव्हा तिला बाहेर पडायला वाट हवी, आणि तो खण झोपायच्या उशाखाली नको. धूर दिसला तर आधी सगळ्यांनी गाडीतून उतरायचं.

पहिला हजार किलोमीटरचा प्रवास झाला की प्रत्येक नट एकदा टॉर्क रेंचने तपास, नंतर दर मोठ्या सफरीआधी. खणाच्या झाकणाला आतून एक कागद चिकटव: जोडणीचा आराखडा, फ्यूजचे आकडे, पॅक कोणत्या महिन्यात बांधला, कोणत्या व्होल्टला जोडला. रस्त्यात कुणी दुसरा मेकॅनिक हात लावेल, त्याला ते लागेल. सोबत दोन क्लास टी फ्यूज सुटे ठेव, काझा आणि लेहला ते मिळण्याच्या भरवशावर राहू नकोस. आणि टेप गुंडाळलेला एक दहा नंबरचा पाना त्या खणातच असू दे, टूलबॉक्समध्ये नको. एम-६ च्या नटाला तोच लागतो.